सतरंजी अंथरायच्या जागा

ज्यांचे संसार चाळीतल्या दोन खोल्यांत झाले, त्या बायकांना मुलांना बाहेर हिंडायला नेणे ही कधी चैन वाटली नाही. ती गरजच होती. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, फिरकीच्या तांब्यात पाणी आणि काखेत जुनी सतरंजी, एवढ्या तयारीवर मुंबईतल्या कितीतरी आयांनी मुलांना आभाळ दाखवले. परंतु ज्या जागी ती सतरंजी अंथरली, त्या जागा काही आपोआप मोकळ्या राहिलेल्या नाहीत. कोणी तरी त्या मागितल्या, कोणी तरी राखल्या, म्हणून त्या आपल्या वाट्याला आल्या. मंडळाच्या वर्धापनदिनी त्यांची थोडी हकिगत सांगावी, असे मनात आले.

आरंभ अर्थात राणीच्या बागेपासून. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविषयक संस्थेने ही बाग भायखळ्यास उभी केली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांना खुली झाली. पुढे १८७३ साली ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. आपण तिला वाघ-सिंहांची बाग म्हणून ओळखतो. पण मुळात ती झाडांची बाग, प्राणी मागाहून आले. गोरखचिंचेचा तो हंडयासारखा बुंधा, उर्वशीची लोंबणारी लाल फुले ही तिथली खरी दौलत. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आणि १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली. दादरपासून दक्षिणेकडे जाणारी ट्राम या बागेवरूनच जाई. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ट्रामच्या खिडकीशी कोणी बसायचे यावरून झालेली भांडणे आजही पुष्कळ आजीबाईंना आठवतात.

बागेच्या शेजारच्या संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्याचमुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्यासाठी उचलू लागले, तो यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून तो इथे उभा केला. मुलांना ही गोष्ट सांगून पाहा. जिवंत हत्तीपेक्षा ती या हत्तीपाशी जास्त वेळ थांबतात!

दुसरी हकिगत मोठ्या संकटातून निघाली. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत माणसे पटापट दगावली. १८९८ साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, हवाशीर घरे आणि मधून मधून बागा अशी रचना झाली. माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स ही त्यातलीच. मोकळी हवा ही शोभेची वस्तू नसून औषध आहे, हे शहराला फार मोठी किंमत देऊन कळले.

१९२५ साली माहीम पार्क नावाचे एक विस्तीर्ण मैदान लोकांना खुले झाले. दोन वर्षांनी, म्हणजे १९२७ साली, त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. त्या वेळच्या गणनेप्रमाणे शिवजन्माला तेव्हा ३०० वर्षे होत होती. या नावाचा आग्रह धरला तो नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी. सुईणपणाचे शिक्षण घेतलेल्या, १९१७ साली गांधीजींबरोबर चंपारण्यात जाऊन मुलांची शाळा चालवणाऱ्या आणि हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या या बाई. आज त्या कट्ट्यावर बसून आपण नातवंडांची वाट पाहतो, तेव्हा त्यांची आठवण किती जणींना होते?

स्वातंत्र्यानंतर मुलांसाठी मुद्दाम जागा झाल्या. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय आले. १९५२ साली मलबार हिलवर कमला नेहरू पार्क झाले आणि त्यात म्हातारीचा बूट! इंग्रजी बालगीतातली ती म्हातारी, मुले पुष्कळ आणि घर एवढेसे. तिचे दुःख आपल्या चाळीतल्या बायकांना समजावून सांगावे लागले नाही. समोरच हँगिंग गार्डन. शहराच्या पाण्याच्या टाकीवर १८८१ च्या सुमारास ती बाग केली आहे, म्हणजे आपण पाण्यावरून चालतो, हे ऐकून मुले पाय जपून टाकू लागतात. मत्स्यालय मात्र, इमारत धोक्याची ठरल्यावर, बंद झाले.

जागा एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली, असे नसते. २००७ च्या सुमारास राणीच्या बागेत परदेशी धर्तीचे प्राणिसंग्रहालय करण्याची मोठी योजना पुढे आली. जुनी झाडे जातील या काळजीने काही स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, अर्ज केले, लोकांना बागेतून हिंडवून एकेका झाडाची ओळख करून दिली. त्या योजनेला बराच आवर बसला. पुढे २०१६ साली पेंग्विन आले आणि मुलांची झुंबड उडाली. तीही आनंदाचीच गोष्ट. पण गोरखचिंचही जागेवर आहे, याचे श्रेय त्या बायकांना दिले पाहिजे.

भगिनींनो, त्यांच्यापाशी अधिकार नव्हता. त्या बागेत नित्य जात होत्या, एवढेच. जिथे मुलांचा गलबला असतो, ती जागा गिळायला कोणी सहजासहजी धजत नाही. ओस पडलेल्या मैदानावर मात्र सर्वांचा डोळा असतो. तेव्हा येत्या रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडा. सतरंजी आठवणीने बरोबर घ्या, आणि ती अंथरताना या हकिगतींतली एखादी त्यांच्या कानावर घाला. पुढे राखायचे काम त्यांनाच करायचे आहे.