टीएलएस १.३ मसुद्याचे परीक्षण

टीएलएस १.३ मसुद्याचे परीक्षण ही इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स (आयईटीएफ) या संस्थेत २०१४ ते २०१८ या काळात चाललेली प्रक्रिया होय. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण टीएलएस या प्रोटोकॉलने सुरक्षित होते. त्याची १.२ ही आवृत्ती २००८ सालची होती.

आयईटीएफमध्ये मसुदा कोणीही वाचून त्यावर आक्षेप घेऊ शकतो. मतांची मोजणी होत नाही. ढोबळ सहमती आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली यांना महत्त्व असते. सहा महिन्यांत नवी आवृत्ती न आल्यास मसुदा कालबाह्य ठरतो.

पूर्वीच्या आवृत्त्यांतील दोष बहुधा मानक प्रसिद्ध झाल्यावर उघड होत व मग डागडुजी केली जाई. या वेळी संशोधकांना मसुद्याच्या अवस्थेतच तपासणीसाठी बोलावण्यात आले. दहाव्या मसुद्याचे ‘टॅमरिन’ या स्वयंचलित सिद्धता-साधनाने विश्लेषण झाले. त्यात ग्राहकाची ओळख जोडणीनंतर पटवण्याच्या प्रस्तावित सोयीत दोष आढळला: हल्लेखोर सर्व्हरपुढे ग्राहक म्हणून वावरू शकत होता. तो दोष मानक ठरण्याआधीच दूर झाला.

२०१६ मध्ये वित्तक्षेत्राकडून जुनी आरएसए किल्ली-पद्धत ठेवण्याची मागणी आली. अंतर्गत जाळ्यातील वाहतूक तपासण्यासाठी ती त्यांना हवी होती. परंतु तिच्यात सर्व्हरची किल्ली पुढे कधी चोरीस गेली, तर पूर्वी साठवलेले संभाषणही उलगडता येते. म्हणून मागणी फेटाळली गेली.

सर्वांत चिवट अडचण मात्र मसुद्याबाहेरची होती. जाळ्यातील काही मध्यस्थ उपकरणे अनोळखी संदेश दिसताच जोडणी तोडत. अखेर बाविसाव्या मसुद्यात नव्या प्रोटोकॉलच्या सुरुवातीच्या संदेशांना १.२ च्या जोडणी-पुनरारंभाचे रूप देण्यात आले. संदेशातील जुन्या आवृत्ती-रकान्यात आजही १.२ चाच क्रमांक असतो. खरी आवृत्ती वेगळ्या विस्तारात कळवली जाते. तांत्रिकदृष्ट्या ही तडजोड ओबडधोबड आहे, पण तिच्यावाचून प्रसार रखडला असता.

अठ्ठाविसावा मसुदा मार्च २०१८ मध्ये संमत झाला आणि ऑगस्टमध्ये आरएफसी ८४४६ म्हणून प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी ‘सेल्फी’ नावाचा हल्ला उजेडात आला. दोन पक्षांत आधीच वाटलेली किल्ली असल्यास एकाचा संदेश त्यालाच परतवून, समोर दुसरा पक्ष असल्याचा भास निर्माण करता येतो. आधीच्या सिद्धतांनी अशा किल्लीच्या दोन धारकांपैकी एक कायम ग्राहक व दुसरा कायम सर्व्हर असतो, असे गृहीत धरले होते.