भाषासीमा आणि राज्यसीमा
समाजमाध्यमांचा प्रसार राज्यसीमेपेक्षा भाषासीमेला अनुसरतो, असे मानण्याचा मोह भाषाभ्यासकाला सहज होतो. २००६ साली रशियात निघालेली ‘व्हीकाँताक्ते’ व ‘अदनाक्लास्निकी’ ही माध्यमे शेजारच्या युक्रेनमध्ये रुजली. तेथे रशियन भाषा सर्वत्र समजत असे, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. परंतु २०१४ साली रशियाने क्रिमिया बळकावला. मे २०१७ मध्ये अध्यक्ष पोरोशेंको यांनी या माध्यमांवर बंदी घातली आणि पुष्कळ लोक फेसबुककडे वळले. मार्च २०२२ मध्ये रशियाने फेसबुकच बंद केले. या स्थलांतरात भाषा बदलणे मात्र कोणासही भाग नव्हते. फेसबुकवरही रशियन लिहिता येतच होते. तात्पर्य, भाषेने केलेली वाट राज्यसत्तेने अडविली. आणि मागे राहिलेली पत्रे व छायाचित्रे, म्हणजेच सामान्यांचा इतिहास, सीमेपलीकडे अडकून पडला.