रोहिणीचा डाव, ज्यावर सिनेमा झाला नाही

मागच्या आठवड्यात सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबईला चालले होते. वर्धा सोडलं आणि मोबाईलवर 'क्वीन ऑफ काटवे' लावला. मीरा नायरचा, २०१६चा सिनेमा. युगांडातल्या झोपडपट्टीतली फियोना मुतेसी बुद्धिबळ शिकते आणि पार ऑलिम्पियाडपर्यंत पोचते. अकोला यायच्या आत संपला. मग आपल्याच एका मराठी घरातली गोष्ट आठवली. तिच्यावर अजून कुणी सिनेमा कसा काढला नाही, कोण जाणे!

मुंबईचे नीलकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक. त्यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंतीने मारली. १९७६ साली जिंकली धाकटी रोहिणी. वय किती? १३!

पण खरा किस्सा पुढेच आहे. त्याच वर्षी कलकत्त्याला ही पोरगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली, आणि वादाला तोंड फुटलं. मुलगी पुरुषांत कशी? प्रकरण थेट उच्च न्यायालयात. अरे, बुद्धिबळ म्हणजे काय कुस्ती आहे का? शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे, जे स्वतः माजी जगज्जेते, त्यांनी ठरवून टाकलं की महिलांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. पुढे १९८१ साली हैदराबादला रोहिणी आशियाई विजेती झाली, १२ पैकी ११.५ गुण घेऊन.

मी शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत मुलींच्या गटात आम्ही तिघीच होतो. मुलांशी खेळू द्या म्हटलं, तर सर म्हणाले, "तसं चालत नाही." रोहिणी खाडिलकर हे नाव तेव्हा कानावरच आलं नव्हतं, नाहीतर त्यांना १९७६ साल ऐकवलं असतं.

आता नाव माहीत आहे ते आपल्या शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं. जुलै २०२५, बातुमी, महिला विश्वचषक. समोर कोनेरू हम्पी. १९ वर्षांची दिव्या टायब्रेकमध्ये जिंकली आणि ग्रँडमास्टरही झाली. आमच्या गल्लीतली पाचवीतली एक पोरगी तो डाव मोबाईलवर मागेपुढे करत बघत बसते. परवा तिने विचारलं, "ताई, खुल्या गटात नाव दिलं तर चालतं का गं?"

"चालतं. दे."