परदेशप्रवासाचा मोसम : वाऱ्याने ठरवलेला मुहूर्त

चवथ आटोपली की हल्ली आपल्याकडे घराघरांत परदेशवारीच्या गप्पा सुरू होतात. दुबईला जावे की थायलंडला, तिकिटे केव्हा स्वस्त मिळतील, मुलांच्या परीक्षा कधी संपतील आणि माझ्यासारखा सरकारी नोकर असेल तर रजा मंजूर होईल का, असे हे प्रश्न असतात. सगळ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : जायचे कधी? आपल्या पश्चिम किनाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. गेली दोन हजार वर्षे तो येथे विचारला जात आहे. आज उत्तर चुकले तर थोडे पैसे आणि हौस वाया जाते. पूर्वी माणसे जिवाला मुकत.

आपण सहज वापरतो तो 'मोसम' हा शब्दच पाहा. मूळ अरबी 'मौसिम' म्हणजे एखाद्या गोष्टीची ठरलेली वेळ. अरबी समुद्रावरच्या खलाशांसाठी ती जहाज हाकारण्याची वेळ होती. त्याच शब्दापासून पोर्तुगीजांचा 'मोन्सांव' झाला, त्यावरून इंग्रजांचा 'मान्सून' आला आणि आपण 'मोसमी वारे' म्हणू लागलो. म्हणजे आज ज्याला आपण पावसाचे नाव समजतो, ते मुळात प्रवासाच्या वेळेचे नाव आहे.

यामागचे निसर्गाचे गणित सोपे आहे. उन्हाळ्यात आशिया खंडाची जमीन तापते, तेथील हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे आपल्याकडे धावतात. हिवाळ्यात जमीन थंड होते आणि वारे उलट, म्हणजे ईशान्येकडून समुद्राकडे वाहतात. शिडाच्या जहाजाला इंजिन नव्हते. आफ्रिका किंवा अरबस्तानातून भारताकडे यायचे तर नैर्ऋत्य वारा हवा, परत जायचे तर ईशान्य वारा हवा. त्यातही ऐन जून-जुलैमध्ये समुद्र इतका खवळलेला असे की आपली बंदरे बंद होत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत भारताकडे निघणाऱ्यांनी इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघावे, असे सांगितले आहे. म्हणजे तांबडा समुद्र ओलांडून भरुच, कल्याणपर्यंत येताना पावसाळ्याचा जोर ओसरू लागलेला असे.

हे ज्ञान ज्यांना होते आणि ज्यांना नव्हते, त्यांच्यातला फरक वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत स्पष्ट दिसतो. तो ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन निघाला. आफ्रिकेला वळसा घालून तो मालिंदीला पोहोचला. तेथील सुलतानाने त्याला समुद्राची माहिती असलेला एक वाटाड्या दिला. हा वाटाड्या गुजरातचा होता, असे पोर्तुगीज इतिहासकार बारोश लिहितो. २४ एप्रिल १४९८ रोजी जहाजे मालिंदीहून निघाली. नैर्ऋत्य वारे नुकतेच सुरू होत होते. २० मे रोजी ती कालिकतजवळ नांगर टाकून उभी होती. अख्खा अरबी समुद्र २६ दिवसांत पार झाला.

आता परतीचा प्रवास पाहा. कालिकतच्या सामुतिरीशी संबंध बिघडल्यामुळे गामाने २९ ऑगस्टला घाईने बंदर सोडले. कारवारजवळचे, आज गोवा राज्यात मोडणारे अंजदीव बेट आपल्यापैकी अनेकांनी किनाऱ्यावरून पाहिले असेल. तेथे त्याने काही दिवस थांबून जहाजांची डागडुजी केली, पाणी भरले आणि ५ ऑक्टोबरला समुद्रात झेप घेतली. नैर्ऋत्य वारे सरत आले होते आणि ईशान्य वाऱ्यांनी अजून जम बसवला नव्हता. कधी वारा पडलेला, कधी समोरून येणारा. जो समुद्र येताना २६ दिवसांत ओलांडला, त्याच्या पलीकडचा किनारा दिसायला या वेळी तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले.

या तीन महिन्यांत ताजी फळे, भाजी नसल्यामुळे खलाशांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून दात झाकले जात, पाय सुजत आणि माणूस दगावे. सफरीवरच्या एका माणसाने लिहिलेल्या रोजनिशीनुसार या एका टप्प्यात ३० माणसे गेली आणि प्रत्येक जहाजावर कामाला उभी राहू शकतील अशी जेमतेम सात-आठ माणसे उरली. ७ जानेवारी १४९९ रोजी मालिंदी गाठल्यानंतर पुढे 'साव राफायेल' हे जहाज जाळून टाकावे लागले, कारण ते चालवायला माणसेच नव्हती. गामा दोन महिने थांबता, तर हाच प्रवास महिन्याभरात झाला असता. येथील कोणत्याही नाखव्याने त्याला तसे सांगितले असते. जाताना त्याने स्थानिक माणसाचे ऐकले आणि येताना वाट पाहिली नाही. दोन्हींचे परिणाम त्याच रोजनिशीत नोंदलेले आहेत.

पोर्तुगीजांनी हा धडा लगेच घेतला. पुढचा तांडा घेऊन निघालेल्या काब्रालने लिस्बन सोडले ते ९ मार्च १५०० रोजी. तो १३ सप्टेंबरला कालिकतला आला आणि जानेवारी १५०१ मध्ये परत फिरला. पुढे गोवा राजधानी झाल्यावर हेच वेळापत्रक कायम झाले. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून निघायचे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचायचे, डिसेंबर-जानेवारीत परतायचे. जाऊन-येऊन सुमारे दीड वर्ष. लिस्बनहून निघायला उशीर झाला तर वारा निघून जाई आणि मोझांबिकला महिनोन्‌महिने अडकून पडावे लागे. इकडे पावसाळ्यात मांडवीच्या मुखावरचा वाळूचा बांध जहाजांची वाट अडवी, म्हणून झुआरीच्या मुखावरच्या मुरगावचा आसरा घेतला जाई. गोव्यातले पोर्तुगीज पावसाळ्याला चक्क 'हिवाळा' म्हणत, कारण त्यांच्या दृष्टीने तो घरात बसण्याचा काळ होता.

आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी, खारवी, गाबीत बांधवांना मात्र हे शिकायला जहाजे गमवावी लागली नाहीत. श्रावण पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही रीत म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचे पंचांगच आहे. त्यानंतर साधारण एकोणीस दिवसांनी आपला गणपती येतो. आजही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. घरातल्या ज्येष्ठांना आठवत असलेली पणजी-मुंबई बोटसुद्धा पावसाळ्यात बंदच असे.

वाफेची जहाजे आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि वाऱ्याची सत्ता संपली. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिन्यांच्या आत त्या जगाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. आज विमान तेच अंतर दिवसाभरात कापते. पण ज्या देशात आपण उतरतो, तेथील ऋतू काही विमान बदलत नाही. दुबईत जून ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या वर असतो. थायलंडमध्ये फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस, तर पलीकडच्या सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे एकाच देशाचे दोन मोसम. ऑस्ट्रेलियात आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत थंडीची चाहूल लागलेली असते.

आपण तारीख ठरवतो ती शाळेच्या सुट्टीवरून आणि तिकिटाच्या दरावरून. त्याला इलाज नाही, हे मान्य. पण ठरवण्याआधी एक फोन तेथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला करावा. आज जवळपास प्रत्येक घरातले कोणी ना कोणी परदेशात आहे. तो आपला मालिंदीचा वाटाड्या. त्याने 'आत्ता नको, दोन महिने थांब' म्हटले, तर अंजदीवची आठवण ठेवून थांबावे.

सर्व वाचकांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा आणि पुढच्या प्रवासाला अनुकूल वारा लाभो, ही श्रींच्या चरणी प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!