बाहीत शिरलेली बाही

मैत्रिणींनो, झंपर उलटा करताना बाहीतच बाही अडकते, हे आपण रोज पाहतो. तान्ह्या बाळाचं आतडंही कधी असंच पुढच्या आतड्यात शिरून बसतं. पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत हे जास्त दिसतं. बाळ एकाएकी कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मग गप्प पडतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. उलट्या होतात, हळूहळू हिरव्या. शीतून रक्त पडलं की आपण म्हणतो, आव झाली. दृष्ट काढतो, बेंबीला हिंग लावतो, आणि इकडे अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटत जातं.

पूर्वी डॉक्टरसुद्धा पोट चाचपूनच अंदाज बांधत. १८७१ साली लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी दोन वर्षांच्या मुलीचं पोट उघडून आतडं सोडवलं आणि ती वाचली. त्या काळी हे नवलच. कोपनहेगनचे हिर्शस्प्रुंग पोट न फाडता, शीच्या जागेतून पाणी सोडून त्याच्या दाबानं आतडं मागे सारत. १९०५ साली त्यांनी १०७ बाळांचा हिशेब मांडला. शंभरात पस्तीस दगावत होती. पुढे एक्स-रे आला, तेव्हा कुठे आतलं काही दिसू लागलं.

सोनोग्राफीच्या सुरुवातीचा एक धागा मात्र बायांच्या पोटापर्यंत जातो. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून चक्क बॉयलरच्या कारखान्यात गेले! लोखंडातली चीर शोधणारं यंत्र त्यांनी त्या गाठींवर लावून पाहिलं. बाळाचं अडकलेलं आतडं या यंत्रानं दिसल्याची नोंद झाली ती १९७७ साली.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की बायांच्या पोटात गोळा येतो. का येऊ नये? याच यंत्रानं किती मुली पोटातच हेरल्या. महाराष्ट्रानं १९८८ साली कायदा केला, १९९४ साली देशाचा झाला. दारावरची पाटी त्यातूनच आली. पण ती पाटी गर्भासाठी आहे. असं कळवळणारं लेकरू कडेवर असेल तर पाटी बघून मागे फिरू नका, आणि सकाळची एसटी गाठू म्हणून रात्र काढू नका.

तपासणीला भूल लागत नाही, सुई टोचत नाही. अडकलेलं आतडं पडद्यावर कापलेल्या कांद्याच्या चकतीसारखं दिसतं. वेळेत पोचलं तर पुष्कळदा चिरफाड टळते. हिर्शस्प्रुंग यांचाच पाण्याचा उपाय, फक्त आता डोळ्यांसमोर: पाणी चढत जातं, चकती मागे सरकते, आणि एका क्षणी पाणी लहान आतड्यात वाहताना दिसतं.