छावणी, वस्ती आणि औषध



कोरीटला एचआयव्हीच्या उपचारांचा इतिहास सांगायचा आणि सुरुवात लष्करापासून करायची, असं आम्ही ठरवलं. तेव्हा एकाने विचारलंच, “सर, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात छावणी आहे कुठे?” प्रश्न रास्त आहे. छावणी नाही. पण छावण्यांमध्ये लागलेली एक सवय पुढे सगळीकडे पसरली. एकाला वाचवायचं म्हणून दुसऱ्याला कोंडायचं, ही ती सवय.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचं प्रमाण वाढवलं. पुणे, खडकी, अहमदनगर, कामठी अशा छावण्यांमध्ये तरुण, बहुतेक बिनलग्नाचे शिपाई. गरमी आणि परमा यांनी दवाखाने भरू लागले. त्यावर उपाय म्हणून १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. छावणीजवळच्या वस्तीत देहविक्रय करणाऱ्या बायकांची नोंदणी करायची, ठरावीक दिवशी त्यांची तपासणी करायची आणि रोग दिसला की त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये ठेवायचं. औषध काय, तर मुख्यतः पारा. आणि शिपाई? त्याच्यावर कायद्याने अशी सक्ती नव्हती. रोग दोघांचा, पण कोंडायचं एकीलाच!

झालं काय? बायका नोंदणी चुकवू लागल्या, लपू लागल्या, वस्ती सोडून जाऊ लागल्या. रोग काही हटला नाही. अखेर १८८८ साली तो कायदा रद्द झाला.

तुम्ही म्हणाल, ती इंग्रजांची गोष्ट झाली. तर मग शंभरेक वर्षांनी काय झालं ते ऐका. १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांकरवी बोलावून घेतलं. त्याने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गुन्हा काही नव्हता. तरी एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस पहाऱ्यात ठेवलं. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. तो सुटला, पण अशा कोंडण्याची तरतूद मात्र न्यायालयाने त्याच वर्षी वैध ठरवली. नाव बदललं, काळ बदलला. लॉक हॉस्पिटल तेच राहिलं.

आता औषधाकडे येऊ. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला आणि माणसं जगू लागली. मग वाद सुरू झाला, तो म्हणजे औषध कधी सुरू करायचं? शरीराचं रक्षण करणाऱ्या सीडी४ पेशी बऱ्याच घटेपर्यंत थांबायचं, अशी तेव्हाची रीत होती. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी मोफत औषधं मिळू लागली, तीही याच रीतीने.

लवकर औषध दिलं तर जोडीदार वाचतो का, हे पाहण्यासाठी ‘एचपीटीएन ०५२’ हा अभ्यास झाला. त्यात ९ देशांतली १,७६३ जोडपी होती. प्रत्येक जोडीत एकाला लागण, दुसऱ्याला नाही. भारतातली दोन केंद्रं म्हणजे पुण्यातली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईची वायआरजी केअर. ही दुसरी संस्था डॉ. सुनीती सोलोमन यांनी उभारलेली. माहेरच्या त्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. १९८६ साली भारतात एचआयव्ही पहिल्यांदा ओळखला गेला, तो त्यांच्याच पुढाकाराने.

निकाल २०११ च्या मे महिन्यात जाहीर झाला. जोडीदाराकडूनच झालेल्या लागणी २८ निघाल्या. त्यांपैकी लवकर औषध सुरू केलेल्या गटात फक्त १. म्हणजे धोका ९६ टक्क्यांनी कमी.

आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. आम्हाला वेगळाच प्रश्न पडला. ज्यांना थांबायला सांगितलं, त्यांच्यावर अन्याय झाला का? त्या वेळच्या नियमांनुसार त्यांना औषध सुरू करण्याची वेळ आलेली नव्हती. दोघांनी समजून-उमजून संमती दिली होती. आणि पुरावा हाती येताच अभ्यासाचा शेवट होईपर्यंत न थांबता सगळ्यांना औषध देऊ केलं. तरी तो प्रश्न पुरता सुटला असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या थांबण्यातून आपल्याला हे ज्ञान मिळालं, त्यांचं ऋण आपल्यावर आहे.

लष्करही बदललं. या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात ‘फिदिसा’ नावाचा उपचार-अभ्यास झाला. त्यात सैनिकांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही घेतलं. १८६८ शी ताडून पाहा. तिथे वस्ती म्हणजे धोका होता. इथे घर म्हणजे रुग्णाचाच भाग.

भारतात २०१७ पासून लागण कळताच, सीडी४ कितीही असो, औषध द्यायचं धोरण आलं. त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती उघड करायची नाही, लागण आहे म्हणून नोकरीत भेदभाव करायचा नाही.

मग कोरीटचा संबंध काय? दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. औषध रोज घ्यावं लागतं. ते रोग मुळासकट काढत नाही, विषाणूला दाबून ठेवतं. खंड पडला की तो पुन्हा डोकं वर काढतो. परगावी गोळीचा डबा मुकादमापासून, शेजाऱ्यापासून लपवावा लागत असेल, तर गोळी चुकणारच. मग कायदा कागदावर राहिला आणि लॉक हॉस्पिटल आपल्या मनात.

लवकर उपचाराचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं आहे. माणसाने आपल्या पायाने दवाखान्यात यायला हवं. भीती दाखवून तो येत नाही, हे छावण्यांनी शिकवलं. विश्वास दिला तर दोघे मिळून येतात, हे त्या जोडप्यांनी दाखवलं. यातलं काय घ्यायचं, ते आपण ठरवायचं.