बर्फावरून आलेल्या तोफा

१/ इ.स. १७७५. बोस्टन शहर ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होते आणि बाहेर जॉर्ज वॉशिंग्टनचे सैन्य वेढा घालून बसले होते. शहर सोडायला भाग पाडतील अशा जड तोफा मात्र वेढा घालणाऱ्यांपाशी नव्हत्या. त्या होत्या सुमारे ३०० मैल दूर, टिकॉन्डेरोगाच्या किल्ल्यात.

२/ त्या आणण्याची कामगिरी २५ वर्षांच्या हेन्री नॉक्सकडे आली. पेशाने तो पुस्तकविक्रेता. डिसेंबरात सुमारे ६० टनांचा तोफखाना घेऊन तो निघाला. जॉर्ज सरोवर नावांनी ओलांडल्यावर पुढची वाट घसरगाड्यांची होती. बर्फ कमी पडला तरी गाड्या अडत, फार पडला तरी अडत.

३/ गोठलेल्या नदीवर गाडी आणि जनावरे यांच्यात लांब दोर ठेवला जाई. कुऱ्हाड घेतलेला माणूस सोबत चाले. बर्फ फुटून गाडी बुडू लागली, तर दोर तोडून जनावरे वाचवायची. ऑल्बनीपाशी एक तोफ खरोखरच बुडाली. गावकऱ्यांच्या मदतीने ती वर काढण्यात आली.

४/ बर्कशायरच्या डोंगरांत चढापेक्षा उतार घातक होता. मागचा भार जनावरांच्या अंगावर घसरू नये म्हणून गाडीच्या पट्ट्यांखाली साखळ्या आणि वासे घालीत. मागचा दोर झाडाला वेढून तो हळूहळू सैल सोडीत; मग पुढचे झाड.

५/ मार्च १७७६ मध्ये डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर तोफा चढल्या. १७ मार्चला ब्रिटिशांनी बोस्टन सोडले. या यशात तोफांइतकाच त्या दोरांचाही वाटा होता.